जुनी प्रत प्रमाण

लातूर,
९ जानेवारी २०२४

चि. सौ. सिंधू हिला अप्पांचे आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. श्रीशैलच्या मुलीला पाहण्याची तुझी उत्सुकता त्यातून कळली. वाक्यरचना मात्र कळली नाही. "पोरगी कशी हाय नाक कुणाचं हाय" एवढ्यावर पत्र संपते. मराठवाड्यात पावसाचा दुष्काळ पडतो हे ठाऊक होते. विरामचिन्हांचाही पडतो, हे तुझ्या पत्रावरून समजले. असो. नाक तुझ्या भावाचे आहे. कपाळ, मला वाटते, तुझ्या आईचे. हे पाहायला ती हवी होती.

सव्वा महिना उलटला की फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आपल्याच घरी बारसे करावयाचे ठरले आहे. मठाचे स्वामी येणार आहेत. तू आत्या, तेव्हा नाव निवडण्याचा मान तुझा, आणि बाळाच्या कानात ते सर्वांआधी सांगण्याचाही तुझाच. स्वामींनी परवा शंका काढली, "सर, तुमच्या लेकीची वाचा गेली म्हणतात. मग नाव कसं सांगणार?" मी त्यांना समजावले की आजाराने तुझे हातपाय नेले, मागाहून जीभही नेली, परंतु नजर शाबूत आहे, पडद्याखालचा कॅमेरा तुझी बुबुळे पाहतो, ज्या अक्षरावर तुझी नजर ठरते ते अक्षर उमटते, आणि वाक्य पुरे झाले की यंत्र ते मोठ्याने म्हणते. स्वामींनी कपाळाला हात लावून नमस्कारच केला.

यंत्र तुझी वाक्ये जशीच्या तशी, म्हणजे अशुद्धच म्हणते, हे मात्र मी त्यांना सांगितले नाही. त्यावर उपाय सापडला आहे. माझे जुने सहकारी वीरण्णा बिराजदार यांच्यापाशी तुझ्याच प्रकारच्या यंत्रासाठी पूर्वी केलेली एक पुरवणी आहे. ती मूळ आज्ञावलीस जोडली की शब्द शुद्ध होतात, अर्धे लिहिलेले शब्द पुरे होतात, उच्चारही सुधारतो. तू आलीस की मी ती बसवून देईन. माझ्या पोथ्यांची संपादने मी स्वतः संगणकावर उतरवलेली आहेत. त्यामुळे काळजी नसावी.

नावाचा विचार सुरू कर.

अप्पा


नांदेड
१७ जानेवारी

अप्पा

एका अक्षरावर मी किती वेळ बघत बसते ते तुम्हाला ठाऊक न्हाई. स्वल्पविराम पडद्याच्या पार कोपऱ्यात हाय. तिथं नजर न्यायची म्हणजे एक शब्द कमी होतो. मी शब्द घेते. स्वल्पविराम तुम्ही घाला.

नाव ठरलंय. सांगणार न्हाई. रवीला पण सांगितलं न्हाई. सकाळ संध्याकाळ विचारून राहिलाय. मी म्हणते आधी तिच्या कानात जाईल. मग तुमच्या.

बायकांना म्हणावं नाव सांगताना आत्याच्या पाठीत बुक्के हळू मारा. हाडं वर आलीत.

पुरवणी आत्ता नको अप्पा. पापण्या जड व्हायला लागल्या तेव्हा यंत्राला माझे डोळेच सापडंनात. दिवाळीत यंत्र दुरुस्त करणारा आदिनाथ येऊन कॅमेऱ्याचा नवा ड्रायव्हर टाकून गेला. कॅमेरा कसा वापरायचा ते यंत्राला सांगणारी फाईल असती ती. आता अर्ध्या पापणीतून पण वळखतं. लई नीट चालू हाय. बारसं होऊ द्या. मग बघू.

पोरीला सांगा आत्या येऊन राहिली.

सिंधु


लातूर,
२५ जानेवारी २०२४

चि. सौ. सिंधू,

तुझे पत्र वाचले. पुरवणीविषयी तू लिहिलेस, तेही वाचले.

नाव गुप्त ठेवण्याचा तुझा हक्क मला मान्य आहे. फक्त इतके पाहावे की ते कोशात सापडेल, उच्चाराला स्वच्छ असेल आणि चारचौघांत त्याचा अर्थ सांगता येईल. हल्ली लोक मुलींना अशी नावे ठेवतात की ती औषधांची वाटतात. लहानपणी तू तुझ्या बाहुलीला जे नाव ठेवले होतेस, त्या धर्तीचे काही नसावे, एवढीच अपेक्षा.

शनिवारी सकाळीच निघा. रविकिरणरावांना म्हणावे, यंत्र मागच्या डिकीत न टाकता मांडीवर घेऊन बसा. सूनबाई पुनमने तुझ्यासाठी हिरवे इरकल काढून ठेवले आहे. खोली खालचीच दिली आहे. पायऱ्यांचा प्रश्न येणार नाही.

अप्पा


लातूर,
६ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. सिंधू,

काल तुमची गाडी वळणापलीकडे गेल्यावर घर एकदम मोठे वाटू लागले. तुम्ही सुखरूप पोहोचल्याचे श्रीशैलला फोनवरून कळले.

समारंभ यथासांग पार पडला, असेच म्हणावे लागेल. तुझे यंत्र ऐन वेळी चालले नाही, याची चुटपुट मात्र सर्वांनाच लागली. शनिवारी तू दमून आलीस आणि यंत्र पिशवीतच राहिले. वाटेतल्या खड्ड्यांनी कॅमेऱ्याची तार हलली असावी, असे श्रीशैलचे मत पडले. पडदा उजळलेला, पाळणा सजलेला, आणि कॅमेऱ्याला तुझे डोळे काही सापडेनात. पाहुणे ताटकळले. स्वामींना पुढे निलंग्याला जायचे होते. रविकिरणरावांनी भर सभेत बाराखडी म्हणावयास सुरुवात केली. तो प्रकार मला प्रसंगाला साजेसा वाटला नाही. तेव्हा वडीलधारा म्हणून मीच नाव सुचवले आणि तुझ्या वतीने ते बाळाच्या कानात सांगितलेही. वागीश्वरी: वाणीची अधिष्ठात्री. स्वामी म्हणाले, "सरांच्या घराला शोभणारं नाव."

तुझ्या डोळ्यांतून त्या वेळी घळाघळा पाणी वाहिले. मी सर्वांना म्हणालो, "पाहा, आत्यालाही नाव पसंत पडले." काल महापालिकेत नावाची नोंदही करून घेतली. अशा कामांत दिरंगाई नको.

आता एक गुपित. त्या दिवशी सकाळी पुनम शेजारच्या खोलीत तुझी वेणी घालत असताना मी तुझ्या यंत्रात पुरवणी बसवून टाकली आहे. मोठ्या प्रसंगी तुझे नाव-उच्चारण निर्दोष व्हावे, एवढाच हेतू होता. वीरण्णांच्या पेनड्राइव्हवरून सर्व काही सुरळीत उतरले. मध्ये मध्ये एक चौकट येई आणि विचारी: यंत्रात असलेली फाईल नवी आहे, आणली जात असलेली जुनी आहे, नवी तशीच ठेवायची काय? या प्रश्नाचे उत्तर मी आयुष्यभर देत आलो आहे. मठामठांतून पोथ्या धुंडाळल्या त्या याच न्यायाने. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती मिळाल्या तर जुनी प्रमाण धरावी. नवीत नकलकाराने आपले पदरचे घातलेले असते. त्यामुळे मी प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणालो आणि जुनी घेतली. शेवटी यंत्राने काम यशस्वी झाल्याचेही कळवले.

तार दुरुस्त झाली की तुझे पहिले वाक्य शुद्ध उमटेल. ते मला पाठव. मी जपून ठेवीन.

अप्पा


लातूर,
२२ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. सिंधू,

माझ्या पत्राला उत्तर नाही. श्रीशैल फोनवर विचारतो तेव्हा रविकिरणराव "यंत्र दुरुस्तीला दिलंय" एवढेच सांगतात आणि दुसरा विषय काढतात. एक तार बसवण्यास इतका काळ लागत नाही, हे मलाही समजते.

तू नाराज असावीस, असा निष्कर्ष मला काढावा लागतो. तू निवडलेले नाव राहिले आणि माझे ठेवले गेले, हे खरे. पण प्रसंग निभावून नेणे कुणाला तरी भाग होते. बत्तीस पाहुणे, स्वामी, स्वयंपाक निवलेला. नावावरून रुसणे तुझ्यासारख्या समंजस मुलीला शोभत नाही. तू बोलली नाहीस म्हणून मी बोललो; त्यात तुझा अवमान कसा झाला, हे तू लिहून कळवावेस. तुझी चूक असेल तर मी क्षमा करीन; माझी असेल तर ती दाखवून देण्याची संधी तरी मला मिळेल.

मुलगी आता माणसे ओळखू लागली आहे.

अप्पा


नांदेड,
८ मार्च २०२४

ती. मामांना नमस्कार.

तुमचं बावीस तारखेचं पत्र मी सिंधूला वाचून दाखवलं. ‘रुसणे’ या शब्दापाशी तिनं डोळे मिटले, ते मी वाचायचं थांबलो तरी उघडले नाहीत. म्हणून मी लिहायला बसलोय. मला लिहायची सवय नाही. अर्धापूरच्या शीतगृहात केळीच्या गाड्या आल्या-गेल्या लिहितो, तेवढंच माझं लिखाण. चुकलं तर सांभाळून घ्या.

यंत्र बारशापासून बंद आहे, मामा. ती रुसलेली नाही, मुकी झालीय.

आदिनाथनं आधी तार बदलली. मग म्हणाला कॅमेराच गेला. तो पुण्याला पाठवला, तिकडं तो चांगला निघाला, परत आला. यात फेब्रुवारी गेला. परवा त्यानं बसून एक-एक फाईल बघितली. मला म्हणाला, "भाऊ, मी दिवाळीत टाकलेला ड्रायव्हर कुठाय? हा तर पार जुना हाय. याला पडलेली पापणी कळतच न्हाई, उघडा टक्क डोळाच लागतो. कुणीतरी वरून काहीतरी बसवलंय, आणि त्याच्यासंगं आलेल्या जुन्या फायली नव्याच्या डोक्यावर घातल्यात."

मी म्हणालो, "आमच्याकडं कोण करंल तसं?"

"यंत्रानं विचारलं असणार की. नवी ठेवू का म्हणून. कुणीतरी दरवेळी नको म्हटलंय. तारीख बघा, चार फेब्रुवारी, सकाळ."

तेव्हा मी तुमचं सहा तारखेचं पत्र शोधलं. ते मी सिंधूला पुरतं वाचून दाखवलं नव्हतं. ‘आत्यालाही नाव पसंत पडले’ इथवर आलो आणि माझं डोकं सणकलं. कागद मिटून फ्रिजवर टाकला. पुढचं मी पण वाचलं नाही. वाचलं असतं तर महिना वाचला असता. तेवढी चूक माझी आहे, ती मी तुमच्यावर ढकलत नाही.

पण बाकीचं सांगतो. मागच्या आठवड्यात ती दिवसभर कसनुसं बघत होती. पाणी दिलं, कूस बदलली, पंखा लावला, बंद केला. कामावरून येऊन बाराखडी म्हणत बसलो तेव्हा एक एक अक्षर जुळून ‘चादर’ निघालं. पाठीखाली चादरीची घडी रुतत होती. सकाळपासून. यंत्र असतं तर तिनं मला एका वाक्यात शिव्या घातल्या असत्या.

आणि बारशात मी शाळा भरवत नव्हतो, मामा. आम्ही असंच बोलतो, यंत्र बंद असलं की. मी अक्षरं म्हणतो, तिचं अक्षर आलं की ती पापणी मिटते. तुम्ही म्हणालात, "रविकिरणराव, चारचौघांत क-ख-ग पुरे. स्वामींना उशीर होतो." मी ‘घ’पर्यंत आलो होतो. तिचं अक्षर पुढं होतं. जावई माणूस, मी गप्प बसलो. गप्प बसायला नको होतं.

नाव अजून मलाही ठाऊक नाही. घरी आल्यावर म्हटलं, आता सांग, म्हणतो बाराखडी. तिनं माझ्याकडं बघितलं आणि शेवटच्या अक्षरापर्यंत पापणी मिटली नाही.

आदिनाथ ते वरून बसवलेलं काढून नवा ड्रायव्हर परत टाकतोय. यंत्राला तिची नजर पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागंल. तोवर तिला लवकर थकवा येतो, म्हणून धीर धरा.

रविकिरण


लातूर,
१३ मार्च २०२४

श्री. रविकिरणराव यांस,

आपले पत्र मिळाले. त्यात सांभाळून घेण्यासारखे काहीही नाही.

पडद्यावरचा प्रश्न इंग्रजीत होता. परंतु तो मला नीट समजला होता, हे प्रथम नमूद करतो. अज्ञानाची सबब मी घेणार नाही. यंत्रातली फाईल नवी आहे, हे त्याने सांगितले, आणि ती ठेवण्याची सूचनाही त्यानेच केली. मी ती नाकारली. दर वेळी नाकारली.

सिंधूने जानेवारीत "पुरवणी आत्ता नको" असे लिहिले होते, आणि त्याच परिच्छेदात ड्रायव्हर नवा का घ्यावा लागला, हेही लिहिले होते. त्याला उत्तर देताना मी "तेही वाचले" असे लिहिले. ‘मान्य आहे’ असे लिहिले नाही. शब्द मी तोलून वापरतो, रविकिरणराव. तोही तोलूनच वापरला होता. तिचा नकार वाचल्याची पोच द्यावी आणि आपल्या मनाप्रमाणे करावे, एवढी जागा मी त्या शब्दात ठेवली होती.

गेले तीन दिवस मी माझी संपादने कपाटातून काढून समोर ठेवली आहेत आणि उघडलेली नाहीत. जुनी प्रत प्रमाण, हे मी विद्यार्थ्यांना शिकवले ते चुकीचे नव्हते. पोथीचा कर्ता शतकांपूर्वी वारलेला असतो. जितकी प्रत जुनी तितकी ती त्याच्या जवळची. सिंधू जिवंत आहे. तिची पापणी ऋतुगणिक उतरते आहे, आणि ती नवी फाईल त्या पापणीबरहुकूम आली होती. तिच्या जवळची प्रत नवीच असणार, हे आपल्या त्या आदिनाथला दिवाळीत कळले; मला माझ्याच घरात, तिच्या खोलीला लागून बसून कळले नाही.

मी तिच्या डोळ्यांतल्या पाण्याचा अर्थ सांगितला. पाहुण्यांना सांगितला, वर तिलाच पत्राने कळवला. तो शब्द आता परत घेता येत नाही, कारण ऐकणारे आपापल्या गावी गेले.

महापालिकेत विचारले. नोंदीतले नाव बदलण्यास अर्ज करता येतो. परंतु बदलून काय लिहावयाचे, हे ठाऊक असलेली एकच व्यक्ती आहे आणि तिला विचारण्याचा अधिकार मला आहे, असे मला वाटत नाही.

तिला हे पत्र वाचून दाखवा. पूर्ण वाचा.

आपला,
विरूपाक्ष खानापुरे


नांदेड
२ एप्रिल

अप्पा

हे पत्र तीन दिवस लिहून राहिले. यंत्राला डोळे सापडले पण नजर लई लवकर दमते.

रवीनं तुमचं पत्र वाचलं. मी परत वाच म्हणाले. परत वाचलं.

मी आनंदानं रडले न्हाई. हे एक वाक्य सांगायला मला दोन महिने लागले. तुम्ही पाळण्यावर वाकलात तेव्हा मी शेजारीच खुर्चीत होते. तुमचं उपरणं माझ्या हाताला लागलं. हात हलला असता तर मी ते धरलं असतं.

राग लई होता. आता थोडा हाय. तो राहू द्या. तो पण माझाच हाय.

अर्ज करू नका. नाव कागदावर मागू पण नका. ते कागदावर द्यायचं नसतंच. पोरीला घेऊन या. पुनमला पण आणा.

येताना ती पुरवणी आणा. आदिनाथ म्हणतो ती दोन अक्षरात शब्द पुरा करती. तेवढं मला पाहिजे. डोळे वाचतील. बसवील तो. तुम्ही शेजारी बसा. माऊसला हात लावायचा न्हाई.

सिंधु


लातूर,
२१ एप्रिल २०२४

चि. सौ. सिंधू,

आम्ही मागच्या रविवारी संध्याकाळी घरी पोहोचलो. बाळ वाटभर झोपले. रविकिरणरावांनी दिलेली केळी पुनमने शेजारी वाटली. अर्धापूरची म्हणून मोठ्या कौतुकाने खाल्ली गेली.

जे समोर बोलता आले नाही ते लिहितो. समोर बोलण्याची अडचण तुला आहे, असे मी आजवर समजत होतो.

आदिनाथने पुरवणी बसवली ती मी शेजारी, हात मांडीवर ठेवून पाहिली. त्याने आधी यंत्राची आहे ती स्थिती जशीच्या तशी जपून ठेवली, की काही बिघडले तर परत येता यावे. मग पुरवणीतले कोणते भाग घ्यावयाचे याची यादी उघडली आणि कॅमेऱ्यापुढची खूण काढून टाकली. अशी यादी असते, हे मला ठाऊक नव्हते. मी त्या दिवशी ‘सर्व’ यावर बोट ठेवून पुढे गेलो होतो. तरीही एकदा ती चौकट आलीच. आदिनाथने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "मला काय विचारता? तिला विचारा." तो म्हणाला, "काका, तुम्हीच वाचून दाखवा की."

मी वाचले. "सिंधू, यंत्रातली फाईल नवी आहे. आणलेली जुनी आहे. नवी ठेवू?"

तू पापणी मिटलीस. उघडलीस. एवढेच होते ते. हा प्रश्न त्या सकाळीही एवढाच होता. तू भिंतीपलीकडे होतीस, पुनम तुझी वेणी घालत होती, दार उघडे होते. मला खुर्चीवरून उठावे लागले असते, इतकेच.

नंतर पुनमने बाळाला तुझ्या यंत्रापाशी धरले आणि तू पडद्याकडे पाहू लागलीस, तेव्हा मी बाहेर गच्चीत गेलो. मला कोणी जा म्हटले नव्हते. तुझे लिहून होईपर्यंत मी खाली रस्त्यावरची वर्दळ पाहत उभा राहिलो. यंत्राचा आवाज रविकिरणरावांनी अगदी बारीक केला होता. मला काही ऐकू आले नाही. आले असते तर मी कानावर हात ठेवले असते. पुनमने तुझ्या पाठीत हळूच एक बुक्का मारला, ते मात्र काचेतून दिसले. तू हसलीस. तुझे हसणे आता केवळ डोळ्यांच्या कडांना उरले आहे, आणि ते मी कितीतरी दिवसांनी पाहिले.

आल्यापासून घरी एक गोष्ट घडते आहे. मी फिरून येतो, फाटकाची कडी वाजते, आणि आतून बाळाला कुणीतरी देत असलेली हाक थांबते. अर्ध्यावर थांबते. पुनम शहाणी आहे. ती लगेच "वागीश्वरी, आजोबा आले" असे म्हणते. बाळ तिच्याकडे वळत नाही. मीही "वागीश्वरी" म्हणून पाहिले. माझ्याकडेही वळत नाही. तिला कमी ऐकू येते की काय, अशी शंका घेण्याइतका मी आता राहिलेलो नाही.

मी ते नाव विचारणार नाही. तक्रारही नाही. माझ्याच घरात माझी चाहूल लागली की एक शब्द गप्प होतो, इतके फक्त तुला कळवावेसे वाटले. आज सकाळपासून मी फाटकाशी येताना खाकरतो, म्हणजे त्यांना अर्ध्यावर थांबावे लागू नये.

तुझे पुढचे पत्र कसेही लिही. मी त्यात स्वल्पविराम घालणार नाही.

अप्पा


नांदेड
३० एप्रिल

अप्पा

पुरवणी चांगली हाय. दोन अक्षरं बघितली की शब्द येतो. हे पत्र एका बैठकीत लिहून राहिले. एकच खोड हाय तिला. माझ्या हाय चं आहे करती. मी मागं जाऊन परत हाय करते. तेवढी मेहनत मी घेते.

नव्यावर जुनं बसलं न्हाई. आदिनाथ काल येऊन बघून गेला. डोळे नीट सापडतात. डावी पापणी मात्र अजून खाली आलीय. पुढच्या दिवाळीला आणखी नवं काहीतरी टाकावं लागंल म्हणतो. तेव्हा पण मला विचारा.

तुमचं पत्र रवी वाचत होता. खाकरण्यापाशी थांबला. म्हणाला मामा लई थकलेत. मी म्हटलं वाच. पूर्ण वाच.

पुनमला फोनवर सांगितलंय. अप्पा आले तरी हाक थांबवू नको म्हणून. तुम्ही पण खाकरू नका. नुसते आत या. कानावर पडलं तर पडू द्या. कोशात मात्र शोधू नका. न्हाई सापडायचं.

पण ते ऐकायचं. म्हणायचं न्हाई. तुम्ही तिला वागीश्वरीच म्हणायचं. तुम्ही सगळ्यांआधी तिच्या कानात ते सांगितलंय अप्पा. ते आता तुमच्याच तोंडी राहू द्या. ती वळली न्हाई तरी.

सिंधु